टिलची सहल

आधी चहा घ्या, मग सांगतो. एकदाच सांगणार, आणि मध्ये कोणी हसायचं नाही. शेवटी हसा, त्याला माझी हरकत नाही.

माझी फजिती जर्मनीत झाली. गावात माझी फजिती करायची कोणाची छाती नव्हती, म्हणून तिला एवढं लांब जावं लागलं.

मी चौथी शिकलो. पाचवीत मास्तरांचं आणि माझं पटलं नाही. मास्तरांची बदली झाली, मी गावातच राहिलो आणि पुढं तीन वेळा सरपंच झालो. माणूस तीन वेळा सरपंच कसा होतो? कामं करून? कामं केली असं तर सगळेच म्हणतात. सरपंच होतो तो सदस्य सांभाळून. आमच्या वेळी सरपंच सदस्यांतून निवडला जायचा. निवडीच्या आधी समोरच्या पार्टीनं आपले सदस्य पळवू नयेत म्हणून त्यांना जीपमध्ये घालून सहलीला न्यायचं. देवदर्शन, मटण, पत्ते. पुढं मोबाइल आले, तेव्हा मोबाइल पिशवीत गोळा करायचे. मग मतदानाच्या दिवशी थेट ग्रामपंचायतीच्या दारात उतरवायचं. माझ्या सहलीतून एकही माणूस कधी फुटला नाही. तालुक्यात नाव होतं.

हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

माझा मुलगा सुनील लुडविग्सहाफेनला केमिकलच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. ही गेल्यापासून तो मला दरवर्षी हिवाळ्याच्या शेवटी तीन महिने तिकडं नेतो. सून मनीषा, नात सई. सई अकरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये देते. मी मराठीत रागावतो, ती जर्मनमध्ये ऐकत नाही. असा आमचा संवाद.

या घराला वेड बास्केटबॉलचं. खेळ पहिल्यांदा बघितला तेव्हा मला पटला नाही. टोपलीला बूडच नाही. बूड नसलेल्या टोपलीत टाकून काय उपयोग? पण दोन सामने बघितले आणि तिसऱ्याला मी पंचावर ओरडलो. मग सुनीलनं मला संघाचा मफलर आणून दिला.

संघ गावचाच, पण पगारी खेळाडूंचा. त्यात एक टिल नावाचा माणूस होता. नाव एवढंसं आणि माणूस दोन मीटरच्या वर. वय छत्तीस, गुडघ्यांना पट्टे. टोपलीखाली उभा राहायचा आणि कोणाला जवळ येऊ द्यायचा नाही. त्या जागेला सेंटर म्हणतात. मी त्याला पॅनेलप्रमुख म्हणायचो.

हा टिल दर शनिवारी लहान मुलींना शिकवायचा. सई तिच्या संघात सगळ्यांत बुटकी. आधीच्या शिक्षकानं तिला बाकावर बसवून ठेवलं होतं. टिलनं तिला उठवलं, लांबून चेंडू टाकायला शिकवलं. त्या दिवसापासून ती घरातसुद्धा मोजे गोळा करून लांबून बादलीत टाकते. शिकवणी संपली की टिल माझ्याशेजारी बाकावर येऊन बसायचा. त्याला मराठी येत नाही, मला जर्मन येत नाही. मी शेंगदाण्याची चटणी द्यायचो, तो खायचा. चांगली मैत्री होती.

आणि मग एका गुरुवारी संध्याकाळी सुनीलचा मित्र देशपांडे चहाला आला. तोही त्याच कारखान्यात. दोघं गंभीर चेहऱ्यानं बोलत बसले.

"उम्ब्रुख करतायत," सुनील म्हणाला.

"काय करतायत?" मी विचारलं.

"आप्पा, संघ हरतोय ना, म्हणून सगळा नव्यानं बांधायचाय. जुने काढायचे, तरणे आणायचे. वरच्या गावच्या क्लबला टिल हवाय. त्याच्या बदल्यात ते दोन पोरं देतायत."

"कसली पोरं?"

"एक वेगानं पळणारा. एक लांबून टाकणारा. दोघं मिळून टिलच्या तिप्पट पॉइंट करतात."

"कुठली आहेत?"

"एक अमेरिकेचा, एक लिथुआनियाचा."

"म्हणजे उन्हाळ्यात दोघंही आपापल्या घरी जाणार. मग तुमच्याकडं राहिलं काय? जुनाही गेला आणि नवेही गेले. याला बांधणं म्हणतात का? मी एकदा असंच केलं होतं. एक जुना सदस्य सोडून दोन तरणे घेतले. दोघांनी पहिल्याच बैठकीत एकमेकांची कॉलर धरली."

देशपांडेनं मांडीवर थाप मारली. "गेनाऊ! आप्पा, अगदी हेच मी सांगतोय याला."

गेनाऊ म्हणजे बरोबर. हा शब्द मला आवडला. छोटा आहे आणि म्हटला की समोरचा खूश होतो. मी तो उचलला. हेही ध्यानात ठेवा.

सुनील हटेना. "आप्पा, टिल आता बारा मिनिटांच्या वर पळू शकत नाही."

"आमचे रामभाऊ बैठकीला चहापुरतेच यायचे. पण ते बसलेले असले की कोणी आवाज चढवायचं नाही. तो बाकावर बसलेला असला तरी ही पोरं शिस्तीत खेळतात. ते कुठल्या आकड्यात दिसतं?"

"दिसत नाही," सुनील म्हणाला.

"मग आकडा बदला."

मी जिंकलो होतो. पण मागून हुंदका आला. सई दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. नाक पुसत ती जर्मनमध्ये भराभरा बोलली आणि आत पळाली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, टिल गेला तर मी खेळणार नाही. मला परत बाकावर बसवतील."

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? नात रडतेय आणि मी चहा पीत बसू? मी विचारलं, "सही कधी आहे?"

"उद्या संध्याकाळी सहापर्यंत. टिलचा करार या महिन्यात संपतो. खेळाडूंची नावं नोंदवायची उद्याची शेवटची वेळ. सहाच्या आत सही झाली नाही तर तो तिकडं जात नाही, आणि शिवाय आप्पा..."

"पुरे," मी म्हणालो. "कळलं. पुढचं सांगू नको."

"अहो, पण पुढचंच तर..."

"सुनील, तू शाळेत होतास तेव्हापासून मी शेवटच्या तारखा सांभाळतोय."

त्यानं चहाचा कप उचलला. सरपंचाच्या मुलाला गप्प बसायची सवय असते.

मी सईच्या खोलीत गेलो. म्हणालो, "टिल जाणार नाही."

ती जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली. तोंडावरून कळलं, कशावरून म्हणून विचारत होती.

"मी सांगतो म्हणून," मी म्हणालो आणि दिवा घालवला.

सकाळी सुनील आणि मनीषा कामाला गेले, सई शाळेला. मी तयारीला लागलो. सुनीलनं गावाच्या कडेला एक छोटी बाग भाड्यानं घेतली आहे. तिकडं अशा बागांच्या वसाहती असतात. प्रत्येक बागेत एक लाकडी खोली, सगळ्यांना मिळून बाहेर एक फाटक. खोलीत लाकडाची शेगडी आहे. हिवाळ्यात तिथं कुत्रंही फिरकत नाही. सहलीला याहून चांगली जागा शोधून सापडली नसती. जवारीचं पीठ घेतलं, परात, तवा, ठेचा, ताक. हिवाळ्यात बागेतलं पाणी बंद असतं, म्हणून कॅन भरून घेतला. माझा मोबाइल मुद्दाम घरी ठेवला. प्रमुखानं आधी स्वतःचा बंद करायचा, मग दुसऱ्याचा मागायचा. हा नियम माझाच आहे.

टिल दोन गल्ल्या सोडून राहतो. बेल वाजवली. दार उघडलं, वर बघितलं, तेव्हा तोंड दिसलं. मी हातानं घास घ्यायची खूण केली आणि म्हणालो, "कोम." म्हणजे चल.

तो हसला. मग घड्याळाकडं बोट दाखवून जर्मनमध्ये बरंच बोलला आणि चार बोटं वर केली.

चार भाकऱ्या? एवढा माणूस, चार खाणारच. मी म्हणालो, "गेनाऊ."

तो कोट चढवून निघाला. एवढ्या सोप्यात माझा एकही सदस्य कधी जीपमध्ये बसला नव्हता.

फाटकातून आत गेल्यावर मी कुलूप लावलं आणि घरातली एकुलती किल्ली बंडीच्या खिशात टाकली. खोलीचं दार त्याला बेताचं. वाकून आत गेला, तरी कपाळ आपटलं. बसायला लहान स्टूल. त्यावर तो बसला की त्याचे गुडघे कानापर्यंत. मी शेगडी पेटवली. त्याचा मोबाइल वाजायला लागला तसा मी हात पुढं केला. तो बिचकला.

"जेवताना नको," मी म्हणालो आणि भाकरीचा डबा उघडून धरला.

त्यानं माझ्याकडं बघितलं, मोबाइलकडं बघितलं. मग काय वाटलं कोण जाणे, सुस्कारा टाकून त्यानं तो डब्यात ठेवला. त्या आठवड्यात बिचाऱ्याला फोनचाच वीट आला असावा. मी झाकण लावलं. आत तो जरा वेळ गुरगुरला आणि शांत झाला.

पहिली भाकरी टाकली. टम्म फुगली. टिलनं टाळी वाजवली. ठेचा लावून खाल्ली, डोळ्यांतून पाणी आलं, ताक प्यायला. मग छातीवर हात ठेवून काहीतरी लांबलचक बोलला. बोलताना डोळे चमकत होते. शेवटी परत चार बोटं.

"गेनाऊ," मी म्हणालो. "होतायत."

दुसरी झाली, तिसरी झाली. दर भाकरीनंतर तो घड्याळ दाखवायचा, बोलायचा, चार बोटं करायचा. मला वाटलं, काय भूक आहे या माणसाची. मी जरा भराभर हात चालवला. तो आणखी घाईनं बोलायला लागला. मी आणखी घाईनं थापायला लागलो. चौथी त्याच्या पुढ्यात ठेवली तरी चार बोटं वरच. आधीच्या चार आणि आणखी चार? ठीक आहे. पाहुणा आहे.

सहाव्या भाकरीनंतर तो बोलायचा थांबला. खोली उबदार, पोटात जवारी आणि ताक. मागच्या गादीवर जरा टेकला आणि गेला. पाय उंबऱ्याबाहेर राहिले. मी त्यावर माझी शाल टाकली, दारासमोर खुर्ची घेऊन बसलो. मफलर गळ्यात होता. वाटलं, हात अजून गेला नाही आपला.

आता तिकडं काय चाललं होतं ते ऐका. हे मला नंतर कळलं.

सकाळी क्लबचा विचार बदलला होता. वरच्या गावाशी बोलणं मोडलं. टिलला ठेवायचं, त्यानं थोडं खेळायचं आणि पुढं सगळ्या मुलामुलींना शिकवायचं, असा दोन वर्षांचा करार ठरला. सही हॉलवर, चारला. मुली फुलं घेऊन उभ्या, केक आणलेला. सुनीलनं ही आनंदाची बातमी सांगायला मला फोन केला. फोन घरी, उशीखाली वाजत राहिला.

चार वाजले, टिल नाही. साडेचार झाले, टिल नाही. फोन लागतो, पण कोणी उचलत नाही. क्लबच्या मॅनेजर फ्राऊ केलर, म्हणजे केलरबाई, एवढ्या शिस्तीच्या, पण घामाघूम झाल्या. आणि तेव्हा फुलं हातात धरून उभी असलेली माझी नात बापाला म्हणाली, "बाबा, आजोबांनी त्याला लपवला."

मराठीत म्हणाली. आयुष्यातलं पहिलं अख्खं मराठी वाक्य, आणि तेही माझ्याविरुद्ध साक्ष.

सुनीलनं घरी जाऊन बघितलं, तर बागेची किल्ली जागेवर नव्हती. साडेपाचला फाटक हलायला लागलं. बघतो तर सुनील, सई आणि कागदांची बॅग छातीशी धरलेली फ्राऊ केलर.

मी उठलो नाही. बसूनच म्हणालो, "सहापर्यंत फाटक उघडणार नाही."

"आप्पा, टिल आत आहे का?"

"कोण टिल?"

"आप्पा, त्याचे पाय दिसतायत."

मी वळून बघितलं. दिसत होते.

"असू देत. सही होणार नाही. या बाईला सांग, आमच्या सहलीतून माणूस फुटत नाही."

"अहो आप्पा, तो राहतोय. राहण्यासाठीच सही करायचीय."

"कुणाकडं?"

"आपल्याकडं. आणि सहापर्यंत झाली नाही तर तो ना तिकडं, ना इकडं. उन्हाळ्यापर्यंत घरी बसेल."

"मग हे काल का सांगितलं नाहीस?"

"काल हेच सांगत होतो. तुम्ही म्हणालात, पुढचं सांगू नको."

फ्राऊ केलरनं घड्याळ बघितलं. सई बघत होती माझ्याकडं. तिच्या हातातली फुलं माना टाकून होती. मी किल्ली काढली. बंडीला खिसे चार, आणि किल्ली शेवटच्यात.

टिलला उठवणं म्हणजे काय सांगू. सुनीलनं हलवला, हलला नाही. मी हाक मारली, गावात ती हाक नदीपलीकडं जायची, तरी उठला नाही. शेवटी सईनं वाकून कानात काहीतरी सांगितलं. तो ताडकन उठला आणि आढ्याला डोकं आपटलं. बाहेर यायला वाकला नाही, दाराला परत आपटलं.

हॉलवर पोचायला वेळ नव्हता. फ्राऊ केलरनं कागद काढले. टेबल कुठं आहे? मी परात उपडी केली. तिच्यावर कागद ठेवून टिलनं सही केली. वारा होता म्हणून मी कागदाचा कोपरा दाबून धरला. बाईंनी मोबाइलवर फोटो काढला, पाठवला, आणि मोबाइलकडं बघत उभ्या राहिल्या. मग टिंग वाजलं. सहाला थोडी मिनिटं बाकी होती.

सई टिलच्या गळ्यात पडली, म्हणजे कमरेपर्यंत पोचली. मग माझ्या गळ्यात पडली. मी म्हणालो, "सांगितलं होतं ना, जाणार नाही."

मी शब्द पाळला, एवढं लिहून घ्या.

फ्राऊ केलर कागद उजेडात धरून सुनीलला काहीतरी विचारत होत्या. "काय म्हणतात?" मी विचारलं.

"विचारतायत, टिलच्या सहीशेजारी हे पांढरं काय आहे."

बघितलं. पिठाचा अंगठा. माझा. चौथीपासून सही करत आलो मी, आयुष्यात कधी कुठं अंगठा उठवला नव्हता. उठला तो जर्मनीत.

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, साक्षीदार."

घरी जाताना मी सईला विचारलं, "टिल मला दिवसभर काय सांगत होता?"

टिलनं तिला सगळं सांगितलं होतं, ते तिनं बापाला जर्मनमध्ये सांगितलं. बापाला आधी हसू आवरलं नाही, मग तो बोलला. "तो सांगत होता, मी इथंच राहतोय, चारला सही आहे, तुम्हीही चला. म्हणाला, आजोबा दर वेळी बरोबर म्हणायचे आणि आणखी एक भाकरी वाढायचे."

त्या हंगामात संघ शेवटून दुसरा आला. क्लबनं तो अमेरिकेचा पोरगा तरीही आणला, बदली न देता. सई सामन्यात लांबून टाकायला लागली. टिल अजून भाकरी मागतो, आता एक बोट करून. झालं ते चांगलंच झालं.

एवढ्यावर थांबलो असतो तर माझी अब्रू राहिली असती. पण यंदाचं राहिलं.

यंदा परत गेलो. चहावर परत तीच चर्चा. आता त्या अमेरिकेच्या पोराला दुसरा क्लब मागत होता. मी एवढंच म्हणालो, "पोरगा गुणी आहे. जाऊ देऊ नका." दुसरं काही बोललो नाही. सुनीलनं मनीषाकडं बघितलं. मनीषानं सईकडं बघितलं. मला त्यात काही दिसलं नाही.

शुक्रवारी दुपारी मनीषा म्हणाली, "आप्पा, चला बागेत. टिलनं बोलावलंय. आज भाकरी तो करणार, तुम्ही नुसतं बसायचं."

मला बरं वाटलं. शिष्यानं गुरूला बोलावलं. गेलो. टिलनं भाकरी थापली, तिला जर्मनीच्या नकाशाइतके कोपरे होते, पण मी नावं ठेवली नाहीत. सई म्हणाली, "आजोबा, फोन द्या, फोटो काढते." हल्ली ती मराठी बोलते. मी दिला. तिनं दोन फोटो काढले आणि फोन डब्यात ठेवला. पीठ उडतंय, म्हणून असेल. सगळे किती आपुलकीनं वागत होते. एक खा आप्पा, आणखी एक खा आप्पा. सुनीलनं कामावरून रजा काढली होती. एवढा मान मला सरपंच असताना मिळाला नव्हता.

जेवून जरा डोळा लागला. उठलो तेव्हा ऊन उतरलं होतं. टिल दाराला पाठ लावून बसला होता, दोन्ही पाय पसरून. सईच्या गळ्यात फाटकाची किल्ली. सुनील घड्याळ बघत होता.

मी विचारलं, "आज वार कुठला?"

"शुक्रवार," मनीषा म्हणाली.

"शेवटची तारीख कधी आहे?"

टिल छताकडं बघायला लागला.

"सुनील, वाजले किती?"

"साडेपाच, आप्पा."

सईनं ताट पुढं केलं. "आजोबा, आणखी एक भाकरी?"

आयुष्यभर लोकांना सहलीला नेत आलो. मला नेलं, तेव्हा वाटलं जेवायला बोलावलंय.

मी म्हणालो, "गेनाऊ," आणि भाकरी घेतली.